फिंचची पिल्लं जगवायची, तर आधी आई-बापाचं ताट बदला

फिंच म्हणजे पिंजऱ्यात पाळतात ती चिमणीहून लहान, दाणे खाणारी पाखरं. ती पाळणाऱ्यांची एक तक्रार आमच्या सोलापुरात नेहमी कानावर येते. मादीने पाच अंडी घातली, चार फुटली, दोन-तीन दिवस घरट्यासाठी लावलेल्या मडक्यातून बारीक चिवचिव ऐकू आली आणि मग एका सकाळी पिल्लं मेलेली सापडली. कधी मडक्यातच, कधी पिंजऱ्याच्या तळाशी टाकलेली. "जोडी कच्ची आहे, पुढच्या खेपेला होईल," असं उत्तर मिळतं. जोडी कच्ची असू शकते, हे खरंच. पण अशा घरातलं दाण्याचं भांडं पाहिलं, तर त्यात बहुतेक वेळा कोरडी बाजरी आणि राळा एवढंच असतं. मोठ्या पक्ष्याचं त्यावर भागतं. वाढत्या पिल्लाचं भागत नाही. काही जोड्या नुसत्या कोरड्या दाण्यावरही एखाद-दुसरं पिल्लू मोठं करतात, पण चारातली चारही धडधाकट बाहेर पडावीत असं वाटत असेल, तर खाणं बदलावंच लागतं.

हे सगळं मी झेब्रा फिंच आणि बेंगलीज फिंच या दोन पक्ष्यांबद्दल लिहितो आहे. दोन्ही पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले. झेब्रा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तर बेंगलीज मुनियापासून माणसानेच तयार केलेला. रानात तो कुठेच नाही. आपल्याकडची लाल मुनिया किंवा माळावरच्या इतर मुनिया रानपाखरं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या पकडायला, विकायला आणि पाळायला बंदी आहे. कुणी रंगीत चिमणी म्हणून स्वस्तात देऊ केली, तरी घेऊ नका.

आता पिल्लाचा हिशेब बघा. झेब्रा फिंचचं नुकतं फुटलेलं पिल्लू जेमतेम एक ग्रॅमचं असतं. डोळे मिटलेले, गुलाबी कातडी, त्यावर विरळ लव. अठरा ते एकवीस दिवसांत ते घरट्याबाहेर येतं, तेव्हा वजन दहा-अकरा ग्रॅमच्या घरात गेलेलं असतं. तीन आठवड्यांत दहापट. शिवाय या काळात अंगभर पिसं उगवतात, आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. बाजरी किंवा राळ्यात प्रथिनं साधारण अकरा-बारा टक्के असतात. आकडा वाईट नाही, पण त्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, आणि मांस व पिसं घडायला तो लागतोच. दाण्यात कॅल्शियम तर नावालाच. पिल्लू उपाशी नसतानाही खुरटतं, ते यामुळे.

आपण पिल्लाला थेट भरवत नाही, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नर आणि मादी दोघंही दाणे सोलून गिळतात. ते गळ्याशी असलेल्या एका पिशवीत साठतात, तिथे भिजून मऊ होतात आणि मग आई-बाप ते परत वर आणून पिल्लाच्या घशात ओततात. म्हणून पिल्लाला काय मिळणार, हे आई-बापाच्या भांड्यात काय आहे त्यावर ठरतं. मऊ, ओलं अन्न असलं की हे काम पटकन होतं. कोरडा दाणा असला की तो भिजायला वेळ लागतो, त्याला पाणी जास्त लागतं, आणि पहिल्या चार दिवसांत पिल्लाचं पोट तो पेलत नाही. बाळंतिणीला आपण खीर-लाडू बाळासाठीच देतो, तसंच हे आहे. फरक इतकाच, की इथे बापालाही द्यायचं.

पिल्लाची ही पिशवी आपल्याला बाहेरूनही दिसते. पहिल्या आठवड्यात कातडी इतकी पातळ असते, की मानेच्या उजव्या बाजूला, कधी दोन्ही बाजूंना, फुगवटा येतो आणि आतला एकेक दाणा मोजता येईल इतका स्पष्ट दिसतो. अंड्याचं खाणं गेलं असेल तर फुगवटा पिवळट दिसतो, नुसते दाणे असतील तर पांढुरक्या मण्यांसारखा. तोंडात डोकावलं तर टाळ्यावर काळे ठिपके दिसतात, जबड्याच्या कडांना फिकट गाठी. अंधाऱ्या मडक्यात आई-बापाला चोच नेमकी कुठे घालायची, ते त्या खुणांवरून कळतं. भूक लागली की पिल्लू इतर पाखरांसारखी मान उंच करत नाही. ती तिरकी पिळून, जवळजवळ उलटी करून तोंड वासतं. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, मान मोडली की काय म्हणून. ती या कुळाची रीतच आहे.

रोज संध्याकाळी, दिवा मालवण्याआधी, त्या पिशव्या एकदा पाहून घ्या. आई-बाप खायला बाहेर आले की मडक्यात बॅटरीचा झोत टाकायचा, दोन क्षणांत बघायचं आणि बाजूला व्हायचं. पिशव्या भरलेल्या असतील तर रात्र निभावते. सगळ्यांच्या रिकाम्या असतील तर अन्न कमी पडतंय किंवा आई-बाप भरवत नाहीत. एकाचीच रिकामी असेल तर ते मागे पडलेलं आहे. जन्मल्या दिवशी मात्र पिशवी रिकामी दिसली तरी घाबरू नका. पोटात राहिलेल्या बलकावर पिल्लाचे पहिले काही तास निघतात.

झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात राहतो. तिथे पाऊस झाला, गवत उगवलं आणि बी धरू लागलं की तो पिल्लं काढतो. पिल्लांना तो कीटक फारसे देतच नाही, गवताचं अर्धकच्चं, दुधाळ बी देतो. हे सोलापूरकरांना मुद्दाम शिकवायला नको. आपल्या शेतकऱ्याला विचारा, पाखरं ज्वारीवर कधी तुटून पडतात? दाणा चिकात आल्यावर. तेव्हाच गोफण घेऊन राखण करावी लागते. नान्नजच्या माळरानावरही पावसानंतर गवताला तुरे आले की मुनियांचे थवे त्यांना लोंबकळताना दिसतात. चिकातला दाणा मऊ असतो, त्यात पाणी असतं, आणि पक्व दाण्यात घट्ट बांधलेलं पोषण त्यात अजून सुटं, पचायला हलकं असतं. फिंचच्या चोचीला ज्वारीचा पक्का दाणा मोठा पडतो, पण हुरड्याचं कोवळं कणीस पिंजऱ्यात टांगलं, तर ते दाणे कुरतडून आतला चीक खातात. राळ्याचं कोवळं कणीस मिळालं तर त्याहून चांगलं. डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या सुमाराला, हुरडा सगळीकडे असतो. घरच्या किंवा ओळखीच्या रानातला, फवारणी न झालेला घ्या. आणि कच्चाच द्या. भाजलेला, मीठ-तिखटाचा आपल्यासाठी.

वर्षभर हुरडा कुठून आणणार? त्याला मोड आलेला दाणा हा उत्तम पर्याय आहे. मोड फुटताना दाणा आतून जागा होतो, त्यातलं पिठूळ साठवण सुटं होऊ लागतं, आणि दाणा मऊ पडतो. राळा, बाजरी आणि नाचणी समप्रमाणात घ्या. रात्री भिजत घाला, सकाळी चोळून तीन-चार पाण्यांतून धुवा, निथळून ओल्या फडक्यात बांधा. उसळीसाठी आणतो तसेच मोड, पण तितके लांब नकोत. दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की झालं. हिवाळ्यात याला दिवसभर लागतो. उन्हाळ्यात संध्याकाळच्या आतच ठिपका येतो, आणि लक्ष दिलं नाही तर दाणा आंबतोही तितक्याच लवकर. पिंजऱ्यात ठेवण्याआधी मूठभर नाकाशी धरा. ताज्या मातीचा वास आला तर द्या. आंबट किंवा कुबट वास आला, बोटाला चिकट लागलं, तर सगळंच फेकून द्या. धुऊन वापरू नका. बुरशीने एका दिवसात घरटं रिकामं होतं.

धान्य कुठून आणता, याला मी फार महत्त्व देतो. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी किंवा लालसर दिसतं, आणि ते विषच आहे. घरात साठवणीच्या धान्याला बोरिक पावडर लावायची पद्धत आहे, कुठे पोत्यात किडीसाठी गोळ्या ठेवलेल्या असतात. त्यातली बाजरीही पाखरांना नको. किराणा दुकानातली खाण्याची बाजरी, नाचणी, राळा आणा आणि पाखरांसाठी वेगळ्या डब्यात ठेवा. अर्धा-पाऊण किलोच आणलेली बरी, कारण जुन्या दाण्यात जाळी लागते. दाण्यात जीव आहे का, हे ओळखायला मोड हीच कसोटी आहे. भिजवलेल्यातले निम्मे दाणे फुटलेच नाहीत, तर तो माल जुना.

दाण्यानंतर अंडं. कोंबडीचं अंडं खायला घालायचं म्हटलं की अनेकांना कसंसंच होतं, आणि घरात अंडं चालत नसेल तर ते मी समजू शकतो. पण लायसिनची जी तूट वर सांगितली, ती अंड्याने सहज भरून निघते, आणि दुसरं काही इतक्या सोप्या रीतीने ती भरत नाही. उकडलेल्या अंड्यातलं पाणी सोडलं, तर उरलेल्यातला जवळजवळ अर्धा भाग प्रथिनांचा असतो. अंडं उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. कच्चट अजिबात नको. मग कवचासकट किसणीवर किसा किंवा खलबत्त्यात बारीक करा. त्यात साध्या टोस्टचा चुरा इतकाच घाला, की मिश्रण मोकळं, रवाळ होईल. गोळा होत असेल तर चुरा कमी पडला. किसलेलं थोडं गाजर घातलं तर पाखरं आवडीने खातात. एका जोडीला, पहिल्या दिवसांत, सकाळी चहाचा एक चमचा आणि दुपारनंतर एक चमचा पुरे. दुसऱ्या आठवड्यात पिल्लांचं पोट वाढतं, तेव्हा दुप्पट लागेल. भांडं तासाभरात रिकामं होत असेल तर वाढवा, उरत असेल तर कमी करा. अंडं वर्ज्य असलेल्या घरात पिल्लांसाठी तयार मिळणारं मऊ खाद्य आणा, आणि मोडांचा वाटा मोठा ठेवा.

हे अन्न पिल्लं फुटल्या दिवशी एकदम समोर ठेवलं, तर मात्र उपयोग होत नाही. फिंच नव्या अन्नाला बुजतात, आठवडाभर त्याच्याकडे फिरकतही नाहीत, आणि पिल्लांकडे तेवढा आठवडा नसतो. म्हणून जोडी जमली की आठवड्यातून दोनदा, चिमूटभर अंडं आणि मोड द्यायला सुरुवात करा. चव कळली पाहिजे, एवढाच हेतू. रोज भरपूर दिलं तर मादीला वाटतं सुगीच आली, आणि ती अंड्यांवर अंडी घालत सुटते. अंडी उबवण्याचे बारा-चौदा दिवस कोरडा दाणा, थोडी भाजी आणि कॅल्शियम एवढ्यावर ठेवा. पहिलं पिल्लू फुटायच्या आदल्या दिवसापासून मऊ अन्न रोज सुरू करा.

कॅल्शियमचं काम मात्र अंडी घालण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. फिंचचं एक अंडं साधारण एक ग्रॅमचं, आणि मादी बारा-तेरा ग्रॅमची. पाच दिवसांत पाच अंडी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या एक-तृतीयांशाहून जास्त. कवचासाठी ती आधीच हाडांच्या पोकळीत कॅल्शियम साठवून ठेवते. साठा कमी पडला तर कवच पातळ येतं, किंवा अंडं आतच अडकतं. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपूट हलवत जोर लावणारी मादी दिसली, तर तिला लगेच उबेत ठेवा आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. रात्र जाऊ देऊ नका.

यासाठी महाग काही लागत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, पांढरा, हलका, खडूसारखा. त्याचा तुकडा स्वच्छ धुऊन, वाळवून पिंजऱ्याच्या तारेला अडकवा. अंड्याची कवचं दहा मिनिटं उकळून, उन्हात कडक वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. लागेल तेवढंच मादी खाते. जबरदस्तीने अन्नात मिसळू नका. नाचणीत इतर भरड धान्यांच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून मोडाच्या मिश्रणात ती हवीच. पण शरीरात कॅल्शियम मुरायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते उन्हातून मिळतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. सकाळचं कोवळं ऊन पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यावर थेट पडू द्या. दुसरा कोपरा सावलीत हवा, म्हणजे पाखराला हलता येईल.

आता आपल्या हवेबद्दल. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. तेव्हा अंड्याचं खाणं दीड-दोन तासांत उतरतं. सकाळी ठेवलेलं दुपारपर्यंत तसंच राहिलं आणि तेच पिल्लांना गेलं, तर जुलाब होऊन ती खलास होतात. थोडं ठेवा, उचला, भांडं घासा, पुन्हा थोडं ठेवा. नोकरीमुळे दिवसभर घरात कुणी नसेल, तर सकाळी तास-दीड तास आणि संध्याकाळी परतल्यावर, अशा दोन वेळा मऊ अन्न द्या. मधल्या वेळेला कोरडा दाणा, समुद्रफेस आणि पाणी. माझं स्पष्ट मत आहे, की सोलापूरच्या उन्हाळ्यात फिंचला पिल्लं काढू देऊच नयेत. मार्चच्या मध्यापर्यंत मडकी काढून घ्या, पाऊस स्थिरावला की पुन्हा लावा. मातीचं मडकं बंद खोलीत तापलं की आतली पिल्लं अन्न असूनही मरतात.

पाणीही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवण आलीच. पाखरांना पिंपातलं नको, आपण पितो तेच द्या, आणि दिवसातून दोनदा बदला. पिल्लं असताना आई-बाप नेहमीपेक्षा खूप जास्त पाणी पितात, कारण पिशवीतला दाणा भिजवायला तेच लागतं. दुपारी भांडं कोरडं पडलं, तर संध्याकाळची पिशवीही रिकामी. सकाळी अंघोळीसाठी उथळ थाळी ठेवा. कोरड्या हवेत ओल्या पिसांनी बसलेली मादी अंड्यांना थोडा ओलावा देते, आणि पिल्लाला कवच फोडणं सोपं जातं. पाण्यात ग्लुकोज, जीवनसत्त्वांचे थेंब असं काही मिसळायला मी सांगणार नाही. उन्हात ते पाणी लवकर खराब होतं, आणि चव बदलली की पाखरं कमी पितात.

भाजीत कोथिंबीर, शेवग्याचा कोवळा पाला, मेथी चालते. लक्ष्मी मंडईतून आणली तरी मिठाच्या पाण्यात ठेवून साध्या पाण्याने दोनदा धुवा. पालक क्वचितच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. बी धरलेल्या गवताचे तुरे मिळाले तर आणखी चांगलं, फक्त रस्त्याकडेचे आणि फवारलेल्या बांधावरचे नकोत. दुधात भिजवलेला पाव अनेक घरांत प्रेमाने दिला जातो. तो बंद करा. दुधातली साखर पाखरांना पचत नाही. शेंगाचटणी लागलेली भाकरी, फरसाण, कांदा-लसूण, चॉकलेट, अॅव्होकॅडो, यातलं काहीही नको.

एक साधी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फिंच दाणा सोलून खातात आणि फोलपट त्याच भांड्यात टाकतात. वरून भांडं काठोकाठ भरलेलं दिसतं, खाली दाणा एकही नसतो. पिल्लं असताना हे एका दिवसात घडतं. सकाळ-संध्याकाळ भांड्यावर फुंकर मारा, फोलपटं उडवा आणि उरलेले दाणे बघा.

पिल्लू घरट्याबाहेर पडलेलं सापडलं, तर आधी हातात धरून ऊब द्या. थंडगार पिल्लू मेलं असं समजू नका, तळहाताच्या उबेने ते कधी कधी हलायला लागतं. हलू लागलं की परत मडक्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकून देतात, हा समज चुकीचा आहे. पण तेच पिल्लू पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल, तर कारण शोधा. अन्न कमी, सतत डोकावणं, पिंजऱ्यात दुसरी जोडी, किंवा मादीला पुढच्या अंड्यांची घाई. एक ग्रॅमच्या पिल्लाला घरी ड्रॉपरने भरवणं फार कठीण आहे, थेंब श्वासनळीत गेला की संपलं. त्याच वयाची पिल्लं असलेली बेंगलीज जोडी ओळखीत असेल, तर तिच्या घरट्यात ठेवलेलं बरं. बेंगलीज दुसऱ्यांची पिल्लं मायेने वाढवतात, म्हणून फिंच पाळणारे त्यांना दाई म्हणून ठेवतात.

पिल्लं विसाव्या दिवसाच्या सुमाराला बाहेर आली, की लोक मऊ अन्न थांबवतात. इथेच पुन्हा नुकसान होतं. त्यांना उडता येतं, पण दाणा सोलता येत नाही. पुढचे दोन आठवडे आई-बापच भरवतात, आणि मादी नव्या अंड्यांच्या मागे लागली तर बहुतेक भार नरावर पडतो. या दिवसांत मोडाची वाटी तळाशी, पिल्लांना चालत जाता येईल अशी ठेवा. मोड मऊ असल्याने त्यावरच ती सोलायला शिकतात. अंड्याचं प्रमाण हळूहळू उतरवत आणा, पण पस्तिसाव्या दिवसापर्यंत पूर्ण बंद करू नका. दोन-तीन दिवस लक्ष ठेवून बघा. पिल्लू स्वतः दाणा फोडून गिळतंय, आई-बापाकडे तोंड वासत नाही, असं दिसलं की चाळिसाव्या दिवसाच्या पुढे त्याला वेगळ्या पिंजऱ्यात हलवा. तिथेही पहिले पंधरा दिवस तेच मिश्रण, तशाच वाटीत ठेवा, आणि फोलपटं तेवढी रोज उडवा.